दोन हिवाळ्यांची मुदत

दर रविवारी सकाळी निखिलचा फोन येतो. "बाबा, काय नवीन?" मी म्हणतो, "इथे काय नवीन असणार रे!" आणि मग जो सुरू होतो तो पाऊण तासाने बायको, सुधा, माझ्या हातातून फोन काढून घेईपर्यंत. 'काही नाही' म्हणता म्हणता इतकं साठलंय की कुठला किस्सा सांगून झाला आणि कुठला राहिला, हेही आता कळेनासं झालंय. निखिल म्हणतो, लिहून काढा. मी रसायनशास्त्राचा माणूस. जन्मभर शोधनिबंध लिहिले. त्यात वाचणाऱ्याला हसू आलं तर काहीतरी चुकलं असं समजायचं! तेव्हा हे जमेल की नाही, शंकाच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ओसाकातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. आमच्या पेन्शनीत ओसाकात जेमतेम दीड खोली परवडली असती. होक्काइदोच्या पार पूर्वेच्या टोकाला, एका मोठ्या सरोवराच्या काठी, तेवढ्यातच घर, परसू आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणीच पाणी मिळत होतं. हवा स्वच्छ असली की पलीकडच्या समुद्रातल्या बेटांवरचे डोंगर दिसतात. तिथे रशियाचा कारभार चालतो. मधे ना कुंपण, ना चौकी, फक्त लाटा.

निखिलला हे मुळीच पसंत नव्हतं. तो टोकियोशेजारी ग्योतोकुला राहतो, तिथे आपली माणसं आहेत, किराणा आहे. "बाबा, लोक रिटायर होऊन मुलांजवळ येतात. तुम्ही बॉर्डरवर चाललात!"

सुधाने मात्र निकाल राखून ठेवला. "दोन हिवाळे राहून बघू," ती म्हणाली. "दुसरा बर्फ वितळला की मी सांगेन, इथे राहायचं की निखिलजवळ जायचं. तोवर मला विचारायचं नाही."

मी विचारलं नाही. पण तिने टाकलेल्या प्रत्येक सुस्काऱ्याची मनात नोंद ठेवत गेलो.

० ० ०

घर इतकं स्वस्त का, या विचाराने माझी झोप उडाली होती. नगरपालिकेकडे रिकाम्या घरांची यादी असते, त्यातून ते सापडलं होतं. तिथल्या तरुण कारकुनाला भेटायला मी बेचाळीस प्रश्न लिहून नेले. भूकंपात भिंतींचं काय होतं? नळ गोठतात का? आधीचे मालक का गेले? घरात कोणी वारलंय का? वारलं असल्यास कशाने?

तो सव्वा तास शांतपणे उत्तरं देत होता. मालकीणबाई शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. नळ गोठतात, पण गोठू नयेत म्हणून काय करायचं ते शेजारी शिकवतात. प्रत्येक उत्तरानंतर मी बरोबरची खूण करत होतो. सुधा खिडकीबाहेर बघत बसली होती.

बेचाळीस प्रश्न झाले. कारकुनाने वाकून विचारलं, "आता मी एक विचारू का? तुम्हाला फावडं चालवता येतं?"

मी वहीत बघायला लागलो!

सुधा म्हणाली, "यांना वाचता येतं. फावडं मी बघते."

० ० ०

आमच्या आळीत नऊ घरं. सूचनांचे कागद लावलेली एक पाटी या घरातून त्या घरात फिरते. वाचून झालं की आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून अपराध घडला. मोडकी छत्री मी जळणाऱ्या कचऱ्यात टाकली. इथे कचऱ्याच्या पिशवीवर आपलं नाव लिहावं लागतं. गाडी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन गेली. आमची तेवढी लाल चिठ्ठी लावून जागेवर. भर रस्त्यात, 'बापट' असं ठळक अक्षरांत!

मला जेवण जाईना. शब्दकोश घेऊन बसलो आणि अत्यंत नम्र जपानीत दोन पानी माफीपत्र लिहिलं. 'माझ्या अज्ञानामुळे आळीच्या लौकिकाला बाध आला' वगैरे. आळीच्या प्रमुखांना द्यायचं होतं, पण त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर होईना. पाटी त्यांच्याकडे जातेच, म्हणून पत्र पाटीलाच लावून दिलं. पाटी त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जाते, हे मला कुठे माहीत!

आठवड्याने पाटी परत आली. माझ्या पत्रावर आठही घरांचे शिक्के. आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'मार्च महिन्यात मीही छत्री टाकली होती. नाव लिहायला विसरलो होतो म्हणून सुटलो. सातो.' त्याच्याखाली किमुरा आजींचं थरथरतं अक्षर: 'मी तवा.' त्याखाली कोणी बॅटरी, कोणी पडद्याची दांडी. सगळ्यांत शेवटी प्रमुखांचं: 'टायर. कृपया हे पुढे फिरवू नये.'

निखिल फोनवर हसून हसून दमला. "बाबा, तुम्ही अख्ख्या गावाकडून कबुलीजबाब घेतलात!"

ते पत्र सुधाने फ्रिजवर लावलंय. मी काढतो, ती परत लावते.

० ० ०

माझ्या फोनमध्ये पुण्याचं सिमकार्ड आहे. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, त्यामुळे ते बंद करायची माझी छाती होत नाही. जून महिन्यातला पहिला रविवार, सरोवराचा काठ साफ करायचा आळीचा कार्यक्रम, सकाळी सहाला हजर राहायचं. मी नेमका पाच पन्नासला काठावर. हातमोजे, चिमटा, तीन प्रकारच्या पिशव्या. छत्रीनंतर मी कुठलाही धोका पत्करत नव्हतो.

काठावर चिटपाखरू नाही.

सहा वाजले, सव्वासहा झाले. लख्ख उजाडलेलं, आणि मी एकटा. मनात नाही नाही ते यायला लागलं. कार्यक्रम रद्द झाला आणि आपल्यालाच कळवलं नाही? की आपल्याला टाळून दुसरीकडे जमलेत? हे सुधाला कसं सांगायचं? पहिला हिवाळा कसाबसा पार पडला होता, त्यात हे! शेवटी काय करणार, एकट्यानेच काठ साफ करायला घेतला. निम्मा झाला.

तेवढ्यात शेजारचे सातो-सान (आपण सातोराव म्हटलं असतं) कुत्र्याला फिरवत आले. सातो-सान म्हणजे पंचाहत्तरीचे निवृत्त गवळी. चाळीस गाई सांभाळलेला माणूस. प्रयोगशाळेतला माणूस म्हणून मला 'सेन्सेइ', म्हणजे गुरुजी, म्हणतात. मला बघून जागीच थांबले. "सेन्सेइ, इथे काय करताय? आत्ता कुठे पाच वाजलेत!"

रोमिंगवरच्या फोनने रात्री पलीकडचा रशियन सिग्नल पकडला होता. त्या बेटांवरचं घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास पुढे! आणि जूनमध्ये इथे पावणेचारलाच सूर्य उगवतो, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नव्हतं. गादीवर झोपल्या झोपल्या मी देश बदलला होता आणि पत्ता लागला नव्हता.

सहाला सगळे आले तेव्हा काठ निम्मा चकचकीत. खरं काय ते सांगायचा मी प्रयत्न केला, पण सातो-सान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सेन्सेइना झोपच आली नाही हो!" पुढच्या महिन्याच्या पाटीवर सूचना होती: 'आपल्यापैकी एक सदस्य चार वाजल्यापासून राबतात. इतरांना लाज वाटावी. यापुढे सफाई साडेपाचला सुरू होईल.'

किमुरा आजी अजून मला बघितलं की मुद्दाम जांभई देतात!

० ० ०

हिवाळ्यात सरोवर गोठतं. लोक त्यावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि वाकासागी नावाचे बोटभर मासे काढतात. सातो-सानांनी पहिल्या हिवाळ्यात पिशवीभर आणून दिले आणि कसे तळायचे तेही सांगितलं. सुधा मूळची मालवणची. तिला माशाबद्दल कोणी काही सांगितलं की ती फार गोड हसते. ते हसू मी चाळीस वर्षं ओळखतो.

तिने मासे हळद, तिखट, मीठ आणि आंबटासाठी उमेबोशी या इथल्या खारवलेल्या फळाचा गर लावून ठेवले, रव्यात घोळले आणि ताटभर तळून शेजारी पाठवले. वीस मिनिटांनी सातो-सान रिकामं ताट घेऊन दारात. मागे त्यांची बायको. त्यांच्या मागे काठी टेकत किमुरा आजी.

आजींनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्यानंतर स्टूल मागितलं. मला धडकी भरली. चौऱ्याऐंशीचं वय, आमचं तिखट, दवाखाना चाळीस किलोमीटरवर!

आजींनी रुमालाने नाक पुसलं आणि सगळ्यांकडे वळून जाहीर केलं, "जन्मभर आपण हा मासा चुकीचा खातोय!"

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाच्या जत्रेत आळीचा स्टॉल होता. दरवर्षी नूडल्स असतात. यंदा स्टॉलच्या पाटीवर लिहिलं होतं, 'बापट-सान यांच्या पद्धतीचे मासे'. रांग गोठलेल्या सरोवरावर दूरपर्यंत गेली होती. मी पिशव्या धरून उभा होतो. एका बाईने मला विचारलं, "तुम्ही इथे मदतीला का?"

"होय," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कुठलंच पद सांगितलेलं नाही!

० ० ०

नात इरा आठ वर्षांची. मराठी समजतं, उत्तर जपानीत. सुट्टीनंतर तिच्या वर्गात बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं? आजी-आजोबा कुठे असतात?" मुलं एकेक करून नकाशावर बोट ठेवत होती. इराची पाळी आली तशी बाईंनी मदत म्हणून जगाचा नकाशा उलगडायला घेतला.

इरा म्हणाली, "तो नको." मग खुर्चीवर चढली, कारण जपानच्या नकाशात आमचं गाव अगदी वर, उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे तिचा हात पुरत नव्हता.

निखिलने हे फोनवर सांगितलं. मी लगेच सुधाकडे पाहिलं. ती डाळ निवडत होती. "खुर्चीवरून पडली नाही ना?" एवढंच म्हणाली. माझ्या नोंदीत हे कुठल्या बाजूला लिहायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

० ० ०

दुसरा हिवाळा संपता संपता सुधा दाराबाहेरच्या बर्फावर घसरली. उजवं मनगट मोडलं. त्या दिवशी वादळ होतं. सातो-सानांनी स्वतः बर्फ उपसायच्या गाडीमागे आपली गाडी ठेवून तिला दवाखान्यात नेलं. प्लास्टर चढलं. मी बाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. पुस्तकं आधी, मग भांडी.

पुढचा महिनाभर आळीतल्या आठ घरांतून पाळीपाळीने जेवण आलं. त्याची पाटीवर वेळापत्रकासकट सूचना होती. पण निखिल फोनवर आवाज चढवून म्हणाला, "बाबा, आता बास! आईचं वय बघा." तेच तर मी दवाखान्याच्या बाकावर स्वतःला सांगून बसलो होतो.

एप्रिल गेला. बर्फ वितळला. सुधा काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. अट तिने घातली होती. मोडायचा हक्क मला नव्हता.

मे महिन्यात निखिलच आला. ग्योतोकुला त्याच्या घरामागच्याच गल्लीत तळमजल्यावरचा फ्लॅट बघून, मोबाइलमध्ये फोटो घेऊन. सुधा परसात होती. प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते. सातो-सान लांब चर खणत होते आणि ती टोपलीतून कसलीशी मुळं काढून त्यात मांडत होती, ऑक्टोपससारखी, पाय पसरलेली.

निखिल चराशी जाऊन उभा राहिला. "आई, बर्फ वितळला. काय ठरलं मग?"

"थांब रे, हात मातीचे आहेत."

"हे काय लावताय?"

"ॲस्पॅरॅगस."

निखिलने सातो-सानांना जपानीत विचारलं, "खायला कधी मिळतं हे?"

सातो-सान फावड्यावर रेलले. "यंदा हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी कोंब येतील, तेही कापायचे नाहीत, मुळं मरतात. त्याच्या पुढच्या मे महिन्यात पहिला तोडा. एकदा धरलं की मग पंधरा वर्षं बघायला नको." आणि मान हलवून म्हणाले, "मी बाईंना हे तीनदा सांगितलं. मुळा लावा म्हटलं, महिन्यात येतो. ऐकत नाहीत!"

निखिलने मोबाइल खिशात ठेवला. मी चराशेजारी उभा राहून बोटांवर मे महिने मोजत होतो.

सुधाने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, उभे काय राहिलात नुसते? अजून दोन ओळी खणायच्यात!"