याच्या वरचा आहे का?

दामले काका कुठल्याही दुकानात गेले की विक्रेत्याला एकच प्रश्न विचारत, "याच्या वरचा आहे का?" कुकर असो, गादी असो, नाहीतर कानटोपी. जन्मभर नाशिकला गणित शिकवलेलं, त्यामुळे मधला नंबर त्यांना सहनच होत नसे. "उत्तम" हा शब्द त्यांनी शंभरापैकी शंभरसाठी राखून ठेवला होता. माझ्या देखत तो कुणाला मिळाला नव्हता.

अमेरिकेत, पार्सिपनीत ते मुलीकडे, म्हणजे आमच्या शेजारच्याच घरात राहायला आले. त्या थंडीत त्यांच्या नातीला, सईला, गणितात बी प्लस मिळाला. काकांनी सवयीने विचारलं, "याच्या वरचा आहे का?" तेव्हापासून सईने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. काका आमच्याकडे चहाला येऊन हळूच विचारायचे, "शिल्पा, तुझ्याशी बोलते का गं ती?" मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

सईला धुळीने सटासट शिंका येत. तिला खूश करायचं म्हणून काका मला घेऊन घर गरम करणाऱ्या फर्नेसचा, हवा गाळणारा फिल्टर आणायला निघाले. फिल्टरचा नंबर जितका मोठा, तितकी बारीक धूळ अडते. त्यांच्याकडे आठ नंबरचा होता. "आठ? काठावर पास!" म्हणत त्यांनी तेरा नंबरचा उचलला. त्याच्या वरचा त्या मापात नव्हता, म्हणून जरा हिरमुसले.

दोनच दिवसांत त्यांचं घर गार पडलं. फर्नेस सुरू व्हायची, धापा टाकायची, बंद पडायची. मुलगी-जावई ऑफिसला गेलेले. दोन स्वेटर आणि कानटोपी घातलेले काका माझ्या दारात उभे. मी मेकॅनिकला बोलावलं.

त्याने फिल्टर बाहेर ओढला आणि इंग्रजीत म्हणाला, "हा तुमच्या जुन्या फर्नेसला झेपत नाही. हवाच आत येत नाही, मग ती तापते आणि बंद पडते."

"म्हणजे फर्नेस कच्ची आहे," काका मला म्हणाले. "सांग त्याला."

मी सांगितलं. तो म्हणाला, "फर्नेस उत्तम आहे. तुम्ही तिचा गळा दाबताय."

तेवढ्यात जिन्यावरून, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या सईचा खणखणीत आवाज आला, "थँक यू!"

काका मला घेऊन पुन्हा दुकानात गेले. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने आठ नंबरचा उचलला. तेराच्या फळीकडे वळून वळून बघत होते, पण प्रश्न विचारला नाही. फिल्टर बसवताना सईने टॉर्च धरला. बोलली मात्र नाही.

उन्हाळ्यात काका नाशिकला परत गेले. विमानतळावर सईने वाकून नमस्कार केला, तोही आईने डोळे वटारल्यावर. माणूस मनाने किती प्रेमळ, आणि जिभेने किती हट्टी, असं मला तेव्हा वाटून गेलं.

परवा सई फोन घेऊन धावत माझ्याकडे आली. तिने आजोबांना दोन फोटो पाठवले होते. एक नवीन बसवलेल्या आठ नंबरच्या फिल्टरचा, दुसरा शाळेच्या रिपोर्टचा, त्यात पुन्हा बी प्लस. काकांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "उत्तम."

"मावशी, व्हिच वन? फिल्टर की मी?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

तिने क्षणभर ओठ चावला आणि फोन लावला. पलीकडून काकांचा आवाज मलाही ऐकू आला, "दोन्हीला गं, दोन्हीला!" मग जरा थांबून, राहवलं नाही म्हणून, "पण काय गं, त्या बी प्लसच्या वरचा आहे का?"

सई खो खो हसली. फोन मात्र तिने ठेवला नाही.