अर्ध्या मिलिमीटरची स्प्रिंग

लासुर्ण्याच्या सारजा कोकरेचं शिक्षण सातवी. बाप मेंढरं राखायचा. ही एकोणीस वर्षं लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवते. पेडल दाबलं की प्रेस ठोका मारते, पाय उचलला की स्प्रिंगच्या ओढीनं पेडल झटकन वर येतं. ते रेंगाळलं तर नको असताना दुसरा ठोका पडतो. हे सारजाच्या पायाला पाठ होतं.

म्हणूनच नव्या स्प्रिंगा बसवल्या त्याच दिवशी ती डिझाइनच्या विराजला म्हणाली होती, "साहेब, ह्या मऊ हायत."

"मावशी, चारची तार साडेतीन केलीय. अर्ध्या मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं ना! दुसऱ्या ठोक्यानं शेजारच्या प्रेसवरच्या दिपालीची दोन बोटं नेली. पोरगी दवाखान्यात असतानाच विराजनं रिपोर्ट लिहिला: 'दिपाली संभाजी मारकड यांचा निष्काळजीपणा.' म्हणजे बोटंही गेली आणि आता नोकरीही जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी! सारजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं जुनी स्प्रिंग हुकाला अडकवली आणि खाली पाण्याची वीस लिटरची कॅन टांगली. स्प्रिंग चार सेंटिमीटर ताणली. नवी टांगली, ती सात ताणली. मग विराजला ओढतच तिथं आणलं.

"पाणी तेवढंच हाय. करा आता तुमचं गणित."

त्यानं मोबाइल काढला. तार एक अष्टमांश बारीक, तर जोरही तेवढाच कमी, असं त्यानं तेव्हा मनातल्या मनात ठोकून दिलं होतं. स्प्रिंगला जाडीचा चौथा घात धरतात; पहिल्या धड्यातली गोष्ट! उत्तर आलं: चाळीस टक्क्यांनी ढिली. दोन मिनिटांचं काम, पण आधी करायला या शहाण्याला सवड नव्हती.

"आजच सगळ्या बदलतो, मावशी."

"आधी कागुद."

त्यानं रिपोर्ट आणला, दिपालीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'स्प्रिंग सदोष.'

"स्प्रिंग काय आपल्या पायानं चालत आली व्हय? कुणी बदलली त्येचं नाव लिवा."

विराजचं पेन थांबलं.

"दिपालीचं तर बापाच्या नावासकट लिवलं व्हतं," सारजा कडाडली.

सगळ्या प्रेस बंद करून बाया उभ्या होत्या. विराजनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. सारजानं ते त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं.