मकनाहची डीलिया

माझी आई, डीलिया मल्वी, लग्न करून मकनाह वाडीत आली आणि छप्पन्न वर्षं तिथेच राहिली. आमच्या जुन्या भाषेत मकनाह म्हणजे डुकरांची जागा. ओहोळापलीकडच्या वाडीचं नाव क्लूनकारा. तिथे डॉक्टरचं घर होतं आणि ते नाव चारचौघांत सांगायला बरं वाटायचं.

आईला वाडीतलं एकेक वावर नावानिशी पाठ: लंगडं वावर, विधवेचा तुकडा, तीन दगडांचा माळ. कोणी 'कुठल्या तुम्ही?' विचारलं की मान ताठ करून 'मकनाहची' म्हणायची. शाळेत पोरं मला डुक्कर म्हणत, त्याचा राग मी घरी येऊन तिच्यावर काढायचो. पुढे स्लायगो शहरात बँकेत लागलो आणि क्लूनकाराचा झालो. लग्नात सासऱ्यांनाही तेच सांगितलं. आई शेजारीच उभी होती. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे कोणी वारलं की रेडिओवर नाव आणि वाडी सांगतात. आई गेली तेव्हा सासरची माणसं ऐकतील म्हणून मी 'डीलिया मल्वी, क्लूनकारा' असंच कळवलं. कबर मयताच्याच वाडीची माणसं खणतात, हे मला सुचलंच नाही. दुपारी क्लूनकाराहून एकाचा फोन आला. "बाबा रे, ती आमची नव्हे. आम्ही फावडं लावलं तर मकनाहवाले आम्हालाच त्या खड्ड्यात घालतील."

मकनाहला फोन करायला मला तोंड नव्हतं.

सकाळी दफनभूमीत गेलो. आमचा शेजारी पॅकी गॅफनी छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. वर वाडीचे चौघे.

"रेडिओवरची ती बाई कोण, आम्हाला ठाऊक नाही," पॅकी म्हणाला. "आम्ही आमच्या डीलियाची खणतोय. तू कुठला रे?"

"मकनाहचा."

"काय?" त्याने कानामागे हात धरला. पॅकीचे कान ठणठणीत आहेत.

"मकनाहचा," मी मोठ्याने म्हणालो. मान वर होत नव्हती. "दे, मी खणतो थोडं."

"घरच्यांनी खणायचं नसतं. जा, पाच जणांचा चहा घेऊन ये."

मी घरी आलो. आईच्या स्वयंपाकघरात कप कुठे असतात, ते मला मदतीला आलेल्या पॅकीच्या बायकोला विचारावं लागलं.