गिरदावर काकांचा वाफा

"विळा खाली ठेव! मौका पाह्यल्याबिगर काडीला हात लागनार नाही!"

गिरदावर काका ओरडले आणि, खोटं बोलत नाही, आमच्या मावला गावातला तो आवाज पार दूर इचोड्याच्या ढाब्यावर भाजी ढवळणाऱ्याला ऐकू गेला. समोर विळा घेऊन उभ्या शेजारच्या लक्ष्मीअक्का. त्या मात्र हलल्याही नाहीत.

मौका पाहणं हा काकांचा धर्म. उभी हयात महसुलात, गिरदावर म्हणून जमिनी तपासण्यात गेलेली. भावकीचं भांडण असो की बाजारातलं वांगं, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय निकाल नाही.

त्या वर्षी मौक्यानंच त्यांना चकवलं. नागपूरच्या दवाखान्यात जाण्याआधी काकूंनी कुंपणाशी चिमूटभर बी टाकलं होतं. कशाचं, ते सांगायचं राहिलं आणि काकू परतल्याच नाहीत. मग वाफ्यात जे जे उगवलं, त्यातलं काकूंचं कोणतं नि आगंतुक कोणतं, हे काकांना कळेना. म्हणून ते सगळ्यालाच पाणी घालायचे. गाजरगवतालासुद्धा.

"काका, हे तण आहे," मी एकदा कुंपणापलीकडून म्हणालो.

"ती पेरत होती तवा तू होता का तिथं?"

"नाही."

"मंग गप राह्य."

तुम्ही तो वाफा पाहायला हवा होता. आत शिरलेलं मांजर बाहेर आलं ते थेट पिल्लांसकट. मोबाईलवर फोटो काढला, तर मोबाईल सकाळी झाडाचं एक नाव सांगे, संध्याकाळी दुसरं. काका म्हणाले, "फुलू दे. फुलावरून ठरवू."

फुललं एकदाचं. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी कुंपण झाकून गेलं. कुरडू. काकांच्या गावी निंदताना उपटून बांधावर फेकतात, तेच.

"शेतकऱ्याची पोरगी ती," काका पुटपुटत फिरायचे. "कुरडू काऊन पेरन?"

आणि त्या दिवशी, पितरांच्या अमावस्येला, अक्का विळा घेऊन दारात.

"काकू दरसाली द्यायच्या," अक्का म्हणाल्या. "आमी तेलुगूत याला गुनुगु म्हनतो. आजपासून बतुकम्माचा सण, याच्याबिगर तिचे फुलांचे थर रचता येत नाही."

काकांनी अक्कांच्या हातून विळा घेतला आणि स्वतःच एकेक तुरा कापून टोपलीत ठेवू लागले, काचेचा असल्यासारखा. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा सैल दिसला.

"म्हंजे तुझ्यासाठी पेरून गेली ती. हेच होतं तिचं बी."

अक्कांनी टोपली कमरेवर घेतली.

"हे कोनी पेरत नसते, काका. आपलं आपलंच उगवते."