‘वाचला’ ही खूण

कविताबाईंनी चाचणीच्या चौथ्याच दिवशी आमचं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. त्या टेंभुर्णीच्या शाळेत शिक्षिका. आमच्या चाचणीतल्या वीस जणांमध्ये सगळ्यात जास्त मेसेज त्यांचेच होते. फोनवर त्यांनी कारण सांगितलं नाही, म्हणून मी जालन्याहून जाफराबादला आणि तिथून जीपनं टेंभुर्णीला गेले.

मी डिझायनर. कंपनी पुण्याची, मी काम करते जालन्यातून. आमचं मेसेजिंग अ‍ॅप माणसावर दडपण आणणारं नाही, असं आम्ही सांगत होतो. लाइक नाहीत, कोण कधी ऑनलाइन होतं ते दिसत नाही. एक गोष्ट मात्र ठेवली होती. मेसेज उघडला की पाठवणाऱ्याला खाली ‘वाचला’ असं दिसायचं. आमच्याकडे याला रीड रिसीट म्हणतात. त्याचा आग्रह माझाच होता. पाठवणाऱ्याची काळजी मिटते, असं मला वाटायचं.

मधल्या सुट्टीत बाई वर्गातच भेटल्या. आधी बराच वेळ मुलांच्या वह्यांबद्दल बोलल्या. मग सांगितलं. भावानं मेसेज केला होता, आईला कायमचं तुझ्याकडे ठेवशील का, असा. त्यांनी तो पाचवीच्या तासाला उघडला.

“मला न्हाई म्हणायचंच नव्हतं, मॅडम. घरी ह्यांना विचारून सांगावं, असा विचार करून राह्यले होते. तिकडं त्याला दिसलं, हिनं वाचला अन् उत्तर न्हाई. चार वाजता त्याचा एकच शब्द आल्ता, ‘कळलं’. मंग फोनच उचलत न्हाई.”

ती खूण मीच रेखाटली होती, रंगासकट.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या आमच्या प्रमुखांना, सरांना, सगळं सांगितलं. ‘वाचला’ काढलं तर लोक अ‍ॅप कमी वेळा उघडतील, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. “एका बाईसाठी फीचर काढायचं?” त्यांनी विचारलं.

“ठेवायचा आग्रह माझा होता, सर. आता काढा म्हणतेय तीही मीच.”

दोन आठवड्यांची परवानगी मिळाली. खूण गेली आणि चारच दिवसांत चाचणीतल्याच एका आरोग्यसेविकेची, आशाताईंची, तक्रार आली. गावातल्या गरोदर बायकांना त्या तपासणीचे निरोप पाठवायच्या. निरोप गेला की नाही तेच कळेना, म्हणून त्या एकेकीला फोन लावत होत्या. म्हणजे एकीचं दडपण काढून मी ते दुसरीवर टाकलं होतं.

मग दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मेसेज फोनपर्यंत गेला की ‘पोचला’ दिसेल. उघडला की नाही, ते दिसणार नाही. शिवाय पाठवणाऱ्यालाच सांगता येईल, ‘आज उत्तर हवं’ की ‘सावकाश सांगा’. आशाताईंचे फोन थांबले. अ‍ॅप उघडणं कमी झालं, सर थोडे कुरकुरले, पण चाचणी सोडून आणखी कोणी गेलं नाही. शेवटी तेच कायम झालं.

कविताबाईंनी मात्र अ‍ॅप परत घेतलं नाही. एका रविवारी त्या एसटीनं भावाच्या गावी गेल्या. आई आता बाईंकडेच असते. कसं जमलं, असं मी विचारलं.

“समोर बसून बोललो, मॅडम. तोबी रडला, मीबी.”

वाचणं आणि उत्तर देणं यांच्यामध्ये माणसाला वेळ लागतो. तो मोजून दुसऱ्याला दाखवणं हे डिझायनरचं काम नाही. मला हे ऑफिसात बसून कळायला हवं होतं.