पंगत थांबवून ठेवणारे आमचे भाऊ

आदरणीय वामनराव इंगळे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊ, यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख लिहा, असं मला मंडळाकडून सांगण्यात आलं. सांगताना वर एक सूचनाही आली, "मॅडम, जरा गोड लिहा. राग नको." सूचना मिळाली. पाळता येईल असं वाटत नाही. ज्यांना गोडच पाहिजे असेल त्यांनी पुढचे लेख वाचावेत, तिथे भरपूर आहे.

भाऊंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा पोस्टात नवी लागले होते आणि चिखलीहून उंद्रीला रोज बसने जात होते. भाऊ चिखलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या लावणं, सोडणं आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारणं हे त्यांचं काम. एके सकाळी आमची गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी सुटेना. मी तणतणत खिडकीशी गेले, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, एक म्हातारी फाटकातून आत येऊन राह्यली. तिले चढू द्या, मंग सोडतो." मी म्हटलं, "आणि आमचा लेट मार्क?" ते म्हणाले, "तुमच्या साहेबाले माहं नाव सांगा." मी खरंच सांगितलं. साहेबांनी लेट मार्क लावायचा तो लावलाच! त्या दिवशी माझं काहीही चुकलं नव्हतं, असं माझं आजही मत आहे. पण रांगेत शेवटी असलेल्या माणसाकडे भाऊ ज्या नजरेने बघतात, ती नजर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

निवृत्तीनंतर भाऊ पहाटे धावायला लागले. हळूहळू चार माणसं जमली, चारांचा जथा झाला, आणि त्यातून आमचं हिवाळी धावक मंडळ उभं राहिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात धावायची सोय नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात. म्हणून दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, की रविवारच्या शर्यती सुरू होतात आणि ऊन तापेपर्यंत चालतात. एक रविवार उंद्री, एक बीबी, एखादा शेगाव, असं फिरत फिरत. कडेला तूर उभी असते, तोंडातून वाफा निघत असतात आणि शेवटच्या वळणावर भाऊंचा आवाज ऐकू येतो. येणाऱ्या प्रत्येकाला ते बस पुकारावी तसं पुकारतात, "बीबीहून सुटलेल्या मंदाताई फलाटावर लागत आहेत!" पहिला आलेला असो की शेवटचा, पुकारा तेवढाच मोठा.

या शर्यतींचा एक नियम भाऊंनी पहिल्या हिवाळ्यापासून घातला. ज्या गावात शर्यत, त्या गावाने पिठलं-भाकर आणि ठेचा करायचा, पण शेवटचा धावपटू आल्याशिवाय पंगत बसायची नाही. आणि बसली की पहिलं ताट त्या शेवटच्या माणसाचं. पहिला आलेला त्याच्या शेजारी बसतो. एकदा एक डॉक्टर पहिले आले आणि घाम पुसून गाडीला किक मारायला लागले. भाऊ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, टाइम लय भारी दिला तुम्ही. आता थांबा थोडं. ज्याहीच्या संगं पळाले, त्याहीचे चेहरे तरी पाहून जा." डॉक्टर थांबले, आणि त्यानंतर दर रविवारी थांबतात.

मी स्वतः मंडळात आले ते साखर वाढली म्हणून. चाळिशी उलटलेली बाई ट्रॅकपँट घालून पळते म्हटल्यावर आमच्या गल्लीने काय काय ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही. "पोस्टाची गाडी निघाली," हे त्यातलं सगळ्यात सभ्य. मी दोन रविवार गेलेच नाही. भाऊंना कुणीतरी सांगितलं. ते समजावायला आले नाहीत, व्याख्यान दिलं नाही. पुढच्या रविवारच्या शर्यतीची सुरुवात त्यांनी गुपचूप बदलली आणि थेट माझ्या गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवली! पहाटे दार उघडते तर समोर सगळं मंडळ हात चोळत उभं, आणि सगळ्यात पुढे भाऊंच्या सौभाग्यवती, लीलावहिनी, नऊवारीचा काष्टा मारून, पायात पांढरे बूट घालून. मला म्हणाल्या, "ट्रॅकपँटीत लाज वाटत असंन तं लुगड्यात पळा, पण चला." गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बघत राहिल्या. त्यातल्या दोघी आज मंडळात आहेत, आणि माझ्या पुढे पळतात, ही गोष्ट वेगळी.

तर असे हे भाऊ. आता ज्यासाठी मी लेखणी उचलली, तिकडे येते.

मागच्या वर्षी मंडळाची नवी कार्यकारिणी आली. नवे अध्यक्ष मोठ्या शहरांतल्या मोठ्या शर्यती धावून आलेले आहेत. त्यांनी पाण्याची टेबलं लावली, रुग्णवाहिका उभी केली, ही कामं चांगलीच झाली आणि मी ते नाकारत नाही. पण त्याचबरोबर त्यांनी वेळमर्यादा आणली. अमुक वेळेत आला तो धावपटू, नंतर आला तो कोणीच नाही. आमच्यात सगळ्यात शेवटी बहुतेक वेळा मंदाताई असतात. बीबीच्या अंगणवाडीत त्या सेविका आहेत, गुडघा दुखरा आहे, आणि मधेच थांबलेल्या मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. ही वेळमर्यादा कुणासाठी शिवली होती, ते सांगायला ज्योतिषी नको.

या हिवाळ्यात उंद्रीची शर्यत होती. वेळ संपली म्हणून शेवटच्या रेषेवरची फीत सोडून गुंडाळली, ध्वनिक्षेपक बंद केला आणि अध्यक्षांनी पंगत बसवली. मंदाताई अजून रस्त्यावर होत्या. माणसं निमूट बसली. हो, निमूट! ज्यांच्यासाठी कधीकाळी अख्खी पंगत ताटकळली होती, तेसुद्धा मांडी घालून बसले. पण वाढायला कोणी येईना. उंद्रीच्या बाया भाकरीच्या टोपल्या घेऊन चुलीपाशीच उभ्या. अध्यक्ष म्हणाले, "वाढा ना, काय झालं?" त्यांच्यातली एक म्हणाली, "शेवटची बाई आली नाही अजून. पहिलं ताट कोनाचं वाढू?"

"ताई, कट-ऑफ संपला. कट-ऑफ म्हणजे कट-ऑफ."

"ते तुमच्या पळन्याचं असंन, साहेब. भाकरी आमच्या हायेत."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भाऊ मात्र पंगतीतही नव्हते आणि भांडणातही नव्हते. ते केव्हाच उठून रस्त्याने उलट चालत गेले होते. थोड्या वेळाने वळणावर मंदाताई दिसल्या, पळत होत्या, आणि रस्त्याच्या कडेने भाऊ, त्यांच्या बरोबरीने झपझप. मंडपाशी आल्यावर भाऊ दोन ढांगा पुढे झाले, तोंडापाशी हात धरले आणि ओरडले, "बीबीहून सुटलेल्या मंदाताई, उंद्री फलाटावर लागल्या आहेत!" आवाज चिरकला. उंद्रीच्या बायांनी टोपल्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर निकाल आला. मंदाताईंच्या नावापुढे लिहिलं होतं, "अपूर्ण." त्यांचा मला फोन आला. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या बिचाऱ्या विचारत होत्या, "मॅडम, म्या तं पुरा रस्ता पळाली. मंग अपुरं काय राह्यलं?"

भाऊंनी बैठकीत एकच मागणी केली. तेवढा एक शब्द दुरुस्त करा. त्यावर अध्यक्ष हसून म्हणाले, "भाऊ, तुम्ही आता आराम करा. इतकी वर्षं केलंत. आम्ही तुमचा अमृतमहोत्सव करतो, शाल-श्रीफळ देतो. तुम्ही आमचे मानद मार्गदर्शक. स्टेजवर तुमची कायमची खुर्ची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ फक्त "बरं" म्हणाले. शर्यतीच्या शेवटी आता वेळ नोंदवणारं यंत्र बसणार आहे, पुकारायला माणूस लागणार नाही. शब्द तसाच आहे. वाचकहो, तुम्ही ज्या समारंभाला येणार आहात, त्याचा जन्म हा असा झाला. माणसाला रस्त्यावरून उचलून खुर्चीत नेऊन ठेवायचं, अंगावर शाल टाकायची, म्हणजे तो गप्प बसतो!

मी तशीच भाऊंच्या घरी गेले. म्हटलं, ही शाल घेऊ नका. लीलावहिनींनी चहा ठेवला. भाऊ म्हणाले, "ताई, लोकं प्रेमानं देऊन राह्यले. अध्यक्षही वाईट माणूस नाही, त्याले घाई हाये एवढंच. शाल घेईन मी. पन मंदाताई येत नाही म्हणते. तिले तेवढं आना. ती घरी बसली तं मले शाल घेऊन काय करायचं?" त्यांना स्वतःच्या अपमानाचं काही वाटत नव्हतं. माझं रक्त उकळत होतं आणि हे चहात बिस्कीट बुडवत होते.

मग बीबी गाठलं. अंगणवाडी सुटली होती, मंदाताई पटांगण झाडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही मॅडम. भाऊचा एवढा मोठा कार्यक्रम. त्याच सकाळी शर्यत हाये, मी पळाली तं लांबन. माह्यापायी त्याहीले अजून काऊन ऐकून घ्या लागावं?" म्हणजे पाहा. चांगल्या धावत्या बाईला आम्ही इथवर आणलं, की आपण आलो नाही तर भाऊंवर उपकार होतील असं तिला वाटायला लागलं. मी ताडकन म्हटलं, "लांबू द्या कार्यक्रम! आणि शेवटच्या तुम्ही नसालच. तुमच्या मागे मी आहे. माझ्या गल्लीतल्या दोघी आहेत. डॉक्टर आहेत." या स्मरणिकेचे संपादकही आहेत. त्यांनी माझ्या लेखातलं एक वाक्यही कापलं नाही, त्याचं कारण आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.

मंदाताईंनी झाडू भिंतीला लावला आणि पहिल्यांदा हसल्या. "माह्या मागं राहाले लय सावकाश पळा लागते, मॅडम. जमन का तुमाले?"

जमवू. दोन आठवडे आम्ही तोच सराव करतो आहोत आणि डॉक्टरांचे सगळ्यात जास्त हाल होत आहेत.

हंगामाची शेवटची शर्यत आणि भाऊंचा गौरव समारंभ एकाच सकाळी, चिखलीच्या मैदानावर आहेत. हे पुस्तक तुमच्या हातात पडेल ते मंडपातच. तुम्ही हा लेख वाचत असाल तेव्हा वेळमर्यादा उलटून गेलेली असेल, प्रमुख पाहुणे घड्याळ बघत असतील आणि व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी असेल. भाऊ कुठे आहेत म्हणून कुणाला विचारू नका. उठून रस्त्याकडे या.

भाऊंना उदंड आयुष्य लाभो. गुडघे शाबूत राहोत, छाती भक्कम राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि लीलावहिनींचे पांढरे बूट झिजत राहोत. हे मी शिष्टाचार म्हणून मागत नाही, आमच्या गरजेपोटी मागते. कारण आम्ही अजून पुष्कळ लांब आहोत, सगळे मिळून येतो आहोत, आणि मुळीच घाई करणार नाही.

— प्रतिभा सोनुने, चिखली