पुसलेला लाल रंग

लाल रंगाचा डबा दिसला की धुळ्याची ती केस अजून डोळ्यांसमोर येते. माझं शिक्षण जेमतेम. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन घरी आलो.

आपल्या सरकारने एका परदेशी कंपनीकडून तोफा घेतल्या. अट घातली, काही काम भारतातच करायचं. त्यातून इथल्या एका कारखान्याला तोफेचा खटका अडवणाऱ्या पिना बनवायचं काम मिळालं. नापास पिनेला लाल रंग लावून ती भंगारात टाकायची, असा नियम.

एका बाईचा ठाण्यात फोन आला. "नापास माल पासच्या पेटीत जातोय." फोन बंद. डायरीत नोंद केली आणि कारखान्यात गेलो.

स्टोअर सांभाळणारे आबा साठीचे. दुपारभर विचारलं. एकच उत्तर, "बठ्ठा माल पास शे, साहेब." पास पेटीतली एक पिन रुमालाने पुसून पाहिली. काही दिसलं नाही. परत आलो.

घरी बायको रुमाल धुवायला घेताना म्हणाली, "थिनरना केवढा वास येस. रंगारीकडे गयतात का काय?"

पास पिनेला नुसतं तेल असतं. रंग पुसायचं थिनर कशाला लागेल?

सकाळी पंच बोलावून पेट्या उघडल्या. भिंगाखाली पिनांच्या खाचेत लाल रंग सापडला. पिन आबांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलून खाच पाहिली.

"रुपया खादा नही, साहेब. माल नापास व्हई तर काम दुसरीकडे जाई, आसं मालकनी सांगेल व्हतं. कामवरन्या बठ्ठ्या बाया घर बसत्यात. मनी विधवा सून बी."

जबाब घेतला, गुन्हा दाखल केला. अट होती म्हणून कंपनीला काम देशाबाहेर नेता आलं नाही. तिने ते दुसऱ्या राज्यात नेलं. इथला कारखाना बसला.

पुढे शिरपूरच्या बाजारात आबांची सून भेटली. कापूस वेचायला जात होती.

"साहेब, तो फोन मीच करेल व्हता. कारखानामा नापास पिनले लाल रंग मीच लावू. मना भाऊ तोफखानामा शे. मामांजीले सांगू नका."

सांगितलं नाही. फक्त बायकोला माहीत होतं. आता आबा नाहीत, बायकोही नाही. आबांच्या सुनेला विचारलं, हे लिहू का, तेव्हा ती म्हणाली, "आते लिखा."

एवढं कळलं, की अटी, नियम दिल्लीत लिहिले जातात, पण ते पाळायची वेळ आली तेव्हा एका बाईने स्वतःची भाकर घालवली. गुन्ह्याच्या कागदांत तिचं नाव कुठेच नाही. रुमाल आता मीच धुतो.